घराचे नाव आणि जागेचा उतारा

गेल्या दिवाळीत बहिणीकडे वडोदऱ्याला गेलो होतो. भाचा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करतो. बावीस माणसे, चौदा संगणक, आणि आजवर सगळा हिशेब एका जुन्या संगणकावर चाललेला. या वर्षी त्याने धीर करून एक चांगला सर्व्हर घेतला. पाडव्याच्या दिवशी पूजा झाली, पेढे वाटले गेले, आणि मग तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, एकच गोष्ट राहिली आहे. तो इंजिनियर विचारतो आहे की आतल्या डोमेनला नाव काय द्यायचे. एका मिनिटाचे काम आहे. तुम्हीच सुचवा ना."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "एका मिनिटाचे काम आहे" हे शब्द मी वीसेक वर्षांपूर्वी नेमक्या याच प्रसंगी ऐकले होते, आणि त्या एका मिनिटाची किंमत मला चांगली ठाऊक होती. फक्त ती मी मोजली नव्हती, ती दुसऱ्याच कुणी मोजली होती. भाच्याला मी म्हटले, "आज नाव ठेवू नकोस. दोन दिवस थांब. आधी एक गोष्ट ऐक."

तीच गोष्ट इथे लिहितो आहे. परप्रांतांत छोटेमोठे उद्योग, पतपेढ्या, शाळा आणि मंडळे चालवणारे अनेक मराठी वाचक हे लेख वाचतात आणि अधूनमधून कळवतात. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कचेरीत हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

गोष्ट २००४ सालची. पूर्व भारतातील ज्या राज्यात माझी बहुतेक नोकरी झाली, तिथे एका लहानशा सरकारी महामंडळाचा मी व्यवस्थापकीय संचालक होतो. विणकरांच्या सहकारी संस्थांना सूत पुरवणे, त्यांचे कापड घेणे आणि शासनाकडून येणारी सूट त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे आमचे काम. त्या वर्षी आम्ही एकोणीस संगणक आणि एक सर्व्हर घेतला. सर्व्हरवरच फायली, सर्व्हरवरच लॉगिन, सर्व्हरवरच कार्यालयाची अंतर्गत मेल. पुरवठादाराचा इंजिनियर माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "सर, डोमेनचे नाव सांगा, एका मिनिटाचे काम आहे." माझ्यासमोर निविदेची फाईल होती. मान वर न करता मी महामंडळाच्या नावाची आद्याक्षरे सांगितली आणि पुढे ऐटीत "डॉट कॉम" जोडले. त्या काळी डॉट कॉम म्हटले की काहीतरी आधुनिक केल्यासारखे वाटे. "छान शोभते, सर," असे म्हणून तो गेला.

पुढे कधीतरी ती जुनी फाईल मी पुन्हा चाळली. सर्व्हरच्या खरेदीवर सदतीस पाने टिपण्या होत्या. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, वित्त विभागाचे अभिप्राय, सगळे यथास्थित. नावाबद्दल एक ओळही नव्हती. यंत्र पाच-सात वर्षांत भंगारात जाते, पण त्याला दिलेले नाव प्रत्येक संगणकात, प्रत्येक पासवर्डच्या नोंदीत, प्रत्येक प्रिंटरच्या मांडणीत रुतून बसते. जो निर्णय सर्वांत जास्त टिकणार होता, त्यावरच आम्ही सर्वांत कमी विचार केला होता.

अंतर्गत डोमेन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कचेरीतील प्रत्येक संगणक दिवसातून शेकडो वेळा विचारत असतो, "हिशेबाचा सर्व्हर कुठे आहे? मेल कुणाकडे द्यायची? हा वापरकर्ता खरा की खोटा, हे कुणाला विचारायचे?" हे प्रश्न तो नावाने विचारतो, आणि नावावरून पत्ता सांगणारी एक वही सर्व्हरकडे असते. कचेरीच्या आत असताना आपलाच सर्व्हर उत्तर देतो, म्हणून नाव काहीही असले तरी काम चालते. जुन्या वाड्यात "थोरले घर" म्हटले की सर्वांना कळते, तसेच हे. पण वाड्याबाहेर जाऊन पोस्टाच्या पाकिटावर "थोरले घर" एवढाच पत्ता लिहिला तर? पत्र परत येईल, किंवा ज्याने खरोखरच त्या नावाची पाटी लावून घर नोंदवले आहे, त्याच्याकडे जाईल. तिथे पत्र घेणारा कुणी असेल तर आपल्याला कळणारही नाही.

आमचे नेमके असेच झाले. आम्ही ते डॉट कॉम नाव कधी नोंदवलेच नव्हते. बाहेरच्या जगासाठी आमचे अधिकृत संकेतस्थळ आणि अधिकृत मेल वेगळ्याच नावाने होते. आतले नाव आतच राहील, अशी आमची समजूत होती. चार वर्षे ते आत राहिलेही. मधल्या काळात परदेशात कुणीतरी तीच आद्याक्षरे स्वतःच्या नावावर नोंदवली. त्याने काही गैर केले नाही. रीतसर पैसे भरले आणि मोकळी जागा घेतली.

२००८ साली आमच्या अधिकाऱ्यांना लॅपटॉप आणि डेटा कार्डे मिळाली. त्याच पावसाळ्यात विणकर संस्थांना एक परिपत्रक गेले. दुर्गापूजेपूर्वी सुटीची रक्कम वाटायची होती, म्हणून सभासदांच्या याद्या आणि बँक खात्यांचे क्रमांक मागवले होते. परिपत्रकाच्या तळाशी लेखा शाखेतील एका लिपिकाने, संस्थांची सोय व्हावी म्हणून, मेलचा पत्ता छापला. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर जो पत्ता दिसत होता तोच त्याने छापला, आणि तो आतला पत्ता होता.

अकरा संस्थांनी त्या पत्त्यावर याद्या पाठवल्या. मेल परत आली नाही, कारण त्या परदेशी मालकाचा सर्व्हर त्या नावाखालील कोणत्याही पत्त्यावरची मेल स्वीकारत होता. आमच्या शाखेने या अकरा संस्थांसमोर "माहिती अप्राप्त" असा शेरा मारला आणि पहिल्या यादीतून त्यांना वगळले. पूजा आली आणि गेली. बाकीच्यांच्या खात्यात पैसे पडले, या संस्थांच्या सहाशेहून अधिक विणकरांच्या घरी पडले नाहीत.

पूजेच्या सुटीनंतर एका संस्थेचे सचिव मला भेटायला आले. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, चार तास एस.टी.सारख्या गाडीचा प्रवास करून आलेले. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. गावच्या सायबर कॅफेत काढलेली मेलची छापील प्रत होती. तारीख होती, वेळ होती, आमच्या परिपत्रकावरचा पत्ता जसाच्या तसा होता. "साहेब, आम्ही तर पाठवले होते," एवढेच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त हे जाणून घ्यायचे होते की त्यांची चूक कुठे झाली.

शेजारच्या खात्यातील एका तरुण तांत्रिक अधिकाऱ्याला मी बोलावून घेतले. त्याने माझाच लॅपटॉप कचेरीच्या तारेपासून सोडवला, त्याला डेटा कार्ड लावले आणि मेल उघडायला सांगितले. मग पडद्यावरच्या ओळी दाखवत तो म्हणाला, "पाहा सर, तुमच्या संगणकाने बाहेरच्या जगात ते नाव शोधले, त्याला परदेशातला पत्ता मिळाला, आणि तुमचे नाव आणि पासवर्ड त्याने उघड्या अक्षरांत तिकडे देऊन टाकला." म्हणजे मी आणि माझे सहकारी गेले काही महिने घरून, दौऱ्यावरून, विश्रामगृहातून आपल्या तिजोरीच्या किल्ल्या एका अनोळखी दारात टाकत होतो. मी विचारले, "त्यांनी त्या उचलल्या असतील का?" तो म्हणाला, "कळायला मार्ग नाही, सर."

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. चोरी झाली असती तर पंचनामा झाला असता. इथे काय गेले, किती गेले, गेले की नाही, यातले काहीच सांगता येत नव्हते. सहाशे कुटुंबांच्या बँक खात्यांचे क्रमांक कुणाच्या तरी यंत्रावर पडले होते आणि त्याबद्दल आम्ही फक्त अंदाज करू शकत होतो.

प्रांत अधिकारी असताना मी जमिनीचे कितीतरी वाद ऐकले होते. "साहेब, आमच्या आजोबांपासून वहिवाट आहे," असे सांगणाऱ्याला मी दर वेळी विचारत असे, "उतारा कुणाच्या नावावर आहे?" आता तोच प्रश्न मला स्वतःला विचारायचा होता. नाव चार वर्षे वापरले ही आमची वहिवाट, पण नावांच्या नोंदवहीत वहिवाटीला स्थान नाही. तिथे जो नोंदवतो आणि मुदतीत नूतनीकरण करतो, तो मालक. आम्ही दुसऱ्याच्या जागेवर घर बांधून वर त्याची पाटी मिरवत होतो.

पुढचा भाग सांगायला जड जातो, पण प्रशासनाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. आठवडाभरात माझ्या टेबलावर एक मसुदा आला. ज्या लिपिकाने परिपत्रकावर पत्ता छापला, त्याला कारणे दाखवा नोटीस द्यायची होती. मसुदा निर्दोष होता, नियमांचे संदर्भ बिनचूक होते. जबाबदारी निश्चित करायची तर ती साखळीच्या सर्वांत खालच्या कडीवर, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी रीत. मी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्या माणसाने पडद्यावर जे दिसले ते छापले होते. पडद्यावर ते का दिसत होते? कारण २००४ साली एका माणसाने मान वर न करता ते सांगितले होते. मी नोटीस रद्द केली आणि फाईलवर लिहिले की नावाची निवड माझी होती, मालकीची खातरजमा न करता ती केली गेली, आणि या चुकीची जबाबदारी माझ्यावर आहे. वरून विचारणा झाली, उत्तरे द्यावी लागली. त्यात मला काही विशेष सोसावे लागले असे नाही. विणकरांना मात्र पाच आठवडे सोसावे लागले होते.

दुरुस्ती सोपी नव्हती. मेलची व्यवस्था ज्या पद्धतीने त्या नावाशी बांधलेली होती, तीत नुसते नाव बदलणे शक्य नव्हते. शेजारी दुसरी व्यवस्था नव्याने उभारून एकेक संगणक, एकेक वापरकर्ता तिकडे हलवावा लागला. तीन रविवार सगळी शाखा कामावर होती. सगळे पासवर्ड बदलले. अकरा संस्थांना पत्रे गेली आणि त्यांच्या बँकांना त्या खात्यांवर लक्ष ठेवण्याची विनंती केली. वर्षभर काही अनिष्ट घडल्याचे कानावर आले नाही. ते आमचे नशीब, कर्तृत्व नव्हे.

नंतर वाचन करताना लक्षात आले की या चुकीत आम्ही एकटे नव्हतो. कचेरीच्या आत वापरण्याच्या आकडी पत्त्यांसाठी जगाने १९९६ सालीच काही मालिका राखून ठेवल्या होत्या. "१९२.१६८" ने सुरू होणारे पत्ते आपण घरोघरी पाहतो, ते त्यांतलेच. नावांसाठी मात्र अशी सर्वसाधारण खाजगी जागा कुणी राखली नव्हती. मग ज्याने त्याने आपापल्या मनाने नावे घेतली. लहान कचेऱ्यांसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये "डॉट लोकल" हे नाव सुचवले जाई, आणि हजारो कचेऱ्यांनी ते घेतले. तिकडे ॲपलची यंत्रे आणि प्रिंटर तेच नाव एकमेकांना शोधण्यासाठी वेगळ्या रीतीने वापरत होते. २०१३ साली ते नाव अधिकृतपणे त्या दुसऱ्या कामासाठी राखले गेले आणि पहिल्या कचेऱ्यांना न उमगणारे घोटाळे सुरू झाले.

"कॉर्प डॉट कॉम" ची हकिकत तर बोधकथाच म्हणावी. विंडोजच्या जुन्या सर्व्हरमध्ये "कॉर्प" हे नाव नमुन्यादाखल आलेले असे, आणि असंख्य कंपन्यांनी ते न बदलता तसेच ठेवले. त्यामुळे त्यांचे लॅपटॉप कचेरीबाहेर पडले की कॉर्प डॉट कॉमकडे धाव घेत. १९९४ पासून हे नाव एका खाजगी गृहस्थांकडे होते. २०१९ मधील एका पाहणीत पावणेचार लाखांहून अधिक संगणक अशी माहिती तिकडे पाठवू पाहत असल्याचे दिसले. त्या गृहस्थांनी २०२० मध्ये नाव विक्रीला काढले तेव्हा सुरुवातीची किंमत १७ लाख डॉलर सांगितली होती. ते नाव वाईट हातांत पडू नये म्हणून अखेर मायक्रोसॉफ्टनेच ते विकत घेतले. "डॉट डेव्ह" हे नाव कितीतरी प्रोग्रामर मोकळे समजून वापरत होते. ते गूगलच्या मालकीचे झाले, आणि २०१७ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने त्या नावाखालच्या प्रत्येक पानाला सुरक्षित जोडणी सक्तीची केली, तेव्हा अनेकांची कामे एका रात्रीत अडली. "डॉट होम", "डॉट कॉर्प" आणि "डॉट मेल" ही नावे कुणालाच द्यायची नाहीत, असे नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने २०१८ साली ठरवले, कारण ती जगभरच्या कचेऱ्यांत आधीच रुजली होती. आणि शेवटी जुलै २०२४ मध्ये तिने "डॉट इंटर्नल" हे नाव खाजगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. म्हणजे गावात गायरान ठरायला १९९६ पासून २०२४ उजाडले.

हे सगळे भाच्याला सांगून झाल्यावर त्याने विचारले, "मग मी डॉट इंटर्नल घेऊ का?" तो चुकीचा मार्ग नाही. ते नाव उद्या कुणी विकत घेऊ शकणार नाही. पण ती सर्वांची जागा आहे, आपली नव्हे. अशा नावाला कोणतीही सार्वजनिक संस्था सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देत नाही. नोंदणी नसलेल्या नावांना प्रमाणपत्रे देणे २०१६ पर्यंत पूर्ण बंद झाले. स्वतःची प्रमाणपत्रे स्वतः काढून प्रत्येक संगणकावर बसवणे जमत असेल तर ठीक. लहान कारखान्याला त्याहून सोपा मार्ग मी सुचवला, तो असा:

१. जे नाव कंपनीच्या मालकीचे आहे, त्याचीच एक शाखा आतल्या कामासाठी काढावी. कंपनीचे नाव "अमुक डॉट इन" असेल तर आतले नाव "आत डॉट अमुक डॉट इन" किंवा "ऑफिस डॉट अमुक डॉट इन". मूळ जागा आपली असल्यामुळे तिच्यातली खोलीही आपलीच राहते. बाहेर गेलेला लॅपटॉप चुकून बाहेर विचारू लागला तरी प्रश्न आपल्याच दारात येतो.

२. संकेतस्थळाचेच नाव जसेच्या तसे आत वापरू नये. तसे केले की कारखान्यातल्या माणसांना स्वतःचेच संकेतस्थळ उघडताना अडचण येते, आणि दोन वह्या कायम जुळवत बसाव्या लागतात.

३. नाव लहान, साध्या अक्षरांचे आणि न बदलणारे असावे. हुद्दा, इमारत, पुरवठादार किंवा मालकाच्या मुलीचे नाव त्यात नको. माणसे बदलतात, इमारती बदलतात, कंपन्या विलीन होतात. आमच्या महामंडळात हिशेबाच्या यंत्राला भक्तिभावाने "लक्ष्मी" नाव दिले होते. महिन्याकाठी एकदा तरी "आज लक्ष्मी बंद आहे" अशी पाटी लागे आणि पैसे न्यायला आलेले लोक ती वाचून हिरमुसत.

४. ज्या यंत्राला सार्वजनिक प्रमाणपत्र घेतले जाते त्याचे नाव जगजाहीर नोंदींत दिसते. म्हणून नावातून गुपित सांगू नये, आणि नाव लपवले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले असेही समजू नये.

पाचवा मुद्दा मी सांगण्याऐवजी विचारला. "तुझ्या कंपनीचे डॉट इन नाव कुणाच्या नावावर आहे?" तो म्हणाला, "आमच्याच. दर वर्षी पैसे भरतो की." "कुणाला भरतोस?" "ज्याने वेबसाइट केली त्याला." कागद काढले. नाव त्या संकेतस्थळ करणाऱ्या मुलाच्या खात्यात, त्याच्याच मेलच्या पत्त्यावर नोंदलेले निघाले, आणि तो मुलगा दोन वर्षांपूर्वी परदेशी गेलेला. माणूस सज्जन होता. फोन लागला आणि त्याने सहकार्य केले, तरी नाव कंपनीकडे यायला सहा आठवडे लागले. तो भेटला नसता तर? कंत्राटदाराच्या नावावर उतारा ठेवून आपण वर मजले चढवत राहतो. नाव संस्थेच्या नावावर, संस्थेच्या खात्यात, दोन जबाबदार व्यक्तींच्या हाती असावे आणि नूतनीकरणाची तारीख रजिस्टरमध्ये असावी. शक्य असेल तर एकदम अनेक वर्षांचे पैसे भरावेत.

नाव झाले म्हणजे घर झाले, कुलपे लागली असे नव्हे. ती कुलपे मी त्याला कोषागाराच्या भाषेत समजावली. कोषागाराच्या तिजोरीच्या खोलीला दुहेरी कुलूप असते आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. सर्व्हरच्या सर्वाधिकाराचे तसेच आहे. ते खाते रोजच्या कामाला वापरू नये, त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात ठेवावा, आणि त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी खूणही विचारली जावी. बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून आपण कार्यभार अहवाल घेतो, किल्ल्या मोजून घेतो. तसाच नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. पुरवठादाराने यंत्र बसवताना ठेवलेला पासवर्ड काम संपताच बदलावा. आमच्याकडे तो चार वर्षे तसाच होता. बाहेरून थेट सर्व्हरवर येण्याचे दार उघडे ठेवू नये. घरून काम करणाऱ्याने सुरक्षित बोगद्यातूनच, म्हणजे व्हीपीएनमधूनच यावे. हिशेबाची यंत्रे आणि पाहुण्यांचे वायफाय एका जाळ्यावर नको.

दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवण्याबद्दल त्याला एकच उदाहरण दिले. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार केला, ब्रिटनमधील रुग्णालये अडली. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच निघाली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले. आणि तो थांबला कशाने? तो प्रोग्राम दर वेळी एका लांबलचक, कुणीही न नोंदवलेल्या डोमेनला हाक मारून पाही आणि उत्तर आले नाही तरच पुढे सरके. एका तरुण संशोधकाने ते नाव थोड्याशा पैशांत नोंदवले आणि साथ ओसरली. मालक नसलेल्या नावात किती शक्ती असते, हे दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखे आहे.

राहिली नक्कल-प्रत, म्हणजे बॅकअप. तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक कारखान्याबाहेर आणि तारेपासून सुटी. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली तिजोरी. शिवाय आता हा फक्त शहाणपणाचा प्रश्न उरलेला नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची आहे, नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळलेली ठेवायची आहेत. लघुउद्योगांना सवलतीची मुदत मिळाली होती, तीही २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. घड्याळाचे महत्त्व त्याला पटेना. मी म्हटले, "ज्या दिवशी काय घडले हे शोधायची वेळ येईल, त्या दिवशी दोन यंत्रांच्या वेळा जुळत नसतील, तर तुलाही तेच उत्तर मिळेल जे मला मिळाले होते. कळायला मार्ग नाही."

सहा आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. नाव कंपनीच्या ताब्यात आले होते, आतली शाखा त्याच्याखाली काढली होती, सर्व्हर चालू झाला होता. त्याने एक जाडसर वही केली होती. पहिल्या पानावर नाव, मालक, नूतनीकरणाची तारीख, आणि कुणाकुणाकडे प्रवेश आहे ते. इंजिनियर म्हणत होता, इतका खटाटोप कशाला, एका मिनिटाचे काम होते.

ते सचिव त्या दिवशी परत निघाले तेव्हा मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो होतो. चूक आमची होती, त्यांची नव्हती, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी तो कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "गावात हेच सांगायचे होते, साहेब. सगळे म्हणत होते, सचिवाने पाठवलेच नाही." पैसे त्यांना दुसऱ्या आठवड्यात मिळाले. पण पाच आठवडे एका प्रामाणिक माणसाकडे गाव संशयाने पाहत होते, आणि त्याचे मूळ माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नात होते. ज्यांच्या हाती लहानमोठ्या कचेरीचा कारभार आहे, त्यांनी आज एवढेच करावे. आपल्या सर्व्हरचे आतले नाव काय आहे ते विचारावे, आणि त्या नावाचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते पाहावे.